जिभेला चिकटतं ते तबाशीर

साचा उघडताना कानिफनाथशी बोलायचं नाही, हे नागापूर एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये सगळ्यांना पाठ होतं. आत ओतलेलं प्लास्टर घट्ट झालं का नाही, हे तो घड्याळात बघत नसे. साच्याच्या अंगाला तळहात लावायचा. प्लास्टर घट्ट होताना तापतं. तापलं की थांबायचं. ताप उतरायला लागला की नट सैल करायचे आणि दोन फळ्या अलग करायच्या. आत पांढरेशुभ्र खडू दाटीवाटीनं उभे. एकाचं टोक मोडलेलं दिसणार नाही.

"झाली का रं बाळंत?" छबूबाई विचारायची. खडू साच्यातून काढून ट्रेमध्ये उन्हाला लावायचं काम तिचं.

"झाली मावशी. सगळी पोरं धडधाकट."

हा विनोद दिवसातून आठ वेळा व्हायचा आणि आठही वेळा छबूबाई हसायची.

कारखाना प्रेमलाबाईंचा. कारखाना म्हणायचं म्हणून म्हणायचं. पत्र्याची शेड, बारा साचे, पाच माणसं. बाई नगरच्या एका शाळेत एकतीस वर्षं संस्कृत शिकवत होत्या. तिथला खडू फळ्यावर असा किंचाळायचा की पुढच्या बाकावरच्या पोरी कानात बोटं घालायच्या. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी भाषणं केली, बाईंनी भाषण केलंच नाही. म्हणाल्या, "मी आता न किंचाळणारा खडू करणार आहे." लोकांना वाटलं, म्हातारी गंमत करतेय. दुसऱ्या वर्षी बाई सुती साडीला पदर खोचून प्लास्टरच्या बादलीत हात घालून उभ्या होत्या. त्यांचा खडू फळ्यावर फिरताना आवाज करतो तो एवढाच, पोळीवरून तुपाचं बोट फिरवल्यावर होतो तेवढा. आणि धूळ खाली पडते, नाकात जात नाही.

कानिफला बाईंचं काय आवडायचं, तर त्या कुणालाही "तुला नाही कळायचं" म्हणत नसत. कानिफ सोनईचा. दहावीला इंग्रजीत दोनदा गेलेला. आता सत्तावीस वर्षांचा. त्याला हे वाक्य आयुष्यात इतक्या जणांनी ऐकवलं होतं की ते न म्हणणारं माणूस त्याला लगेच ओळखू यायचं.

तर गोष्ट अशी, की कानिफला अरबी येत होतं.

म्हणजे मस्कतला ड्रायव्हर म्हणून जायचं चाललं होतं. एजंट म्हणाला, चार शब्द शिकून ठेव. व्हिसाचं काही झालं नाही, एजंटचा फोन लागायचा बंद झाला, पण चार शब्दांचे चाळीस झाले, चाळीसाचे चारशे. इजिप्तमधल्या कुठल्यातरी बाई लहान पोरांना शिकवतात, त्यांचे व्हिडिओ. कानिफ तीन वर्षं मोबाईलवरून त्यांच्या पहिलीच्या वर्गात बसत होता. संध्याकाळी शेडच्या फरशीवर मोडक्या खडूनं गिरवायचा. गिरवून झालं की पोछा मारायचा. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय? लोकं विचारणार, उपयोग काय.

बाईंना कळलं ते एकदा पोछा मारायचा राहिला म्हणून. त्यांनी सकाळी फरशी बघितली. अर्धी शेड अक्षरांनी भरलेली. बाई चपला काढून कडेकडेनं चालत गेल्या. अक्षरांवर पाय पडू नये म्हणून! कानिफ हे बघत दारात उभा होता. त्या दिवसापासून बाईंनी सांगितलं असतं तर तो प्लास्टरच्या बादलीत उतरून उभा राहिला असता.

आणि मग आली मस्कतची ऑर्डर. ती आणली सूर्यभानशेठनं.

सूर्यभानशेठचं संगमनेरला काष्ठौषधीचं दुकान. हिरडा, बेहडा, शतावरी, अश्वगंधा. हा माल तिकडं मस्कतलाही जातो. शेठची मुलगी बाईंच्या हाताखाली शिकलेली. मस्कतच्या गिऱ्हाइकाचा भाऊ शाळांना सामान पुरवतो, त्याला धूळ न उडणारा खडू पाहिजे होता. शेठ म्हणाले, आहे की आमच्या बाईंचा. औषधांच्याच कंटेनरमध्ये खडूची खोकी जाणार. अट एकच. खोक्यावर वस्तूचं नाव अरबीत पाहिजे.

बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "कानिफ, अरबी तू बघ."

आजवर कानिफला लोकांनी काय काय बघायला सांगितलं होतं. पाण्याची मोटर बघ. टेम्पो आला का बघ. भाषा बघ असं कुणी म्हणालं नव्हतं. त्यानं मोबाईलवर शब्द लिहून छापखान्याला पाठवला आणि चार दिवस त्याचा पाय जमिनीला लागला नाही.

शुक्रवारी सकाळी छापखान्यातून नमुन्याचं खोकं आलं. नेमके सूर्यभानशेठही आले. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, कंटेनरमध्ये जायच्या मालाचे नमुने घेऊन निघालेले. छबूबाईनं चहा टाकला. कानिफनं खोकं हातात घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाई, हे उलटंय."

"उलटं म्हणजे? बरोबर तर दिसतंय," बाई चष्मा लावत म्हणाल्या.

"न्हाई बाई. अरबी उजवीकडून वाचायचं. छापखान्यातल्या कॉम्प्युटरनं डावीकडून लावलंय. अन् अक्षरं सुटी पाडलीत. अरबीत अक्षरं एकमेकांचा हात धरून चालतात. हे म्हंजे... 'रीशाबत' झालं."

छबूबाई फस्सकन हसली. "रीशाबत! आमच्या गावाकडं म्हशीचं नाव शोभल."

"अन् सुलट काय आहे?" सूर्यभानशेठनं बशीत चहा ओतत विचारलं.

"तबाशीर."

शेठची बशी तोंडापर्यंत गेलेली तिथंच थांबली.

"काय म्हणालास?"

"तबाशीर. म्हंजे खडू."

शेठनं बशी खाली ठेवली. पिशवीत हात घातला, एक काचेची बरणी काढली आणि टेबलावर ठेवली. आत पांढरे, निळसर झाक असलेले वेडेवाकडे तुकडे. "हे बघ. हे तबाशीर. वंशलोचन. बांबूच्या पेरात साठतं. खोकल्याच्या चूर्णात घालतात. चाळीस वर्षं विकतोय मी. हकिमाच्या चिठ्ठीत तबाशीर, वैद्याच्या चिठ्ठीत वंशलोचन. अन् हा म्हणतो खडू!"

"शेठ, मी तीन वर्षं..."

"तीन वर्षं मोबाईलवर! बाई, ऐका माझं. त्याच कंटेनरात माझी तबाशीरची खोकी आहेत. तिकडच्या कस्टमवाल्यानं तुमचं खोकं फोडलं, वर लिहिलंय औषध अन् आत निघाला खडू. म्हणंल भेसळ. तुमचा माल तर जाईलच, माझं चाळीस वर्षांचं नाव जाईल. हा शब्द असंल तर मी खोकी चढवत न्हाई. सरळ सांगतो."

कानिफनं मोबाईल काढला. 'खडू' टाकलं, अरबी मागितलं, आलं तबाशीर. त्यानं शेठसमोर धरलं. शेठनं आपला मोबाईल काढला, तोंडाजवळ धरून ओरडले, "तबाशीर!" त्यांच्यात आलं वंशलोचन, फोटोसकट.

"घ्या," शेठ म्हणाले. "तुझा मोबाईल शहाणा का माझा?"

"दोघंबी एकाच कंपनीचे हायेत की," छबूबाई म्हणाली.

"मस्कतला फोन लावून विचारू," बाई म्हणाल्या.

"आज शुक्रवार. तिकडं सुट्टी. फोन उचलत न्हाईत. अन् छापखाना तीनपर्यंत थांबणार, सोमवारी कंटेनर. बाई, सोपं करू. अरबीतच पण 'चॉक' असं लिहू. च ला काना. ए अरबी पंडित, लिही!"

कानिफ म्हणाला, "शेठ, अरबीत च न्हाई."

"काय?"

"च अक्षरच न्हाई त्यांच्यात."

शेठनं टोपी मागं सारली. चाळीस वर्षं ज्या लोकांना माल विकला त्यांच्याकडं च नाही, हे त्यांना आजच कळत होतं.

पण कानिफ आतून पार ढासळला होता. बाहेरून दिसत नव्हतं एवढंच. तो विचार करत होता, आपल्याला शिकवलं कुणी? एक व्हिडिओतली बाई, जी आपल्याला ओळखत नाही. परीक्षा कुणी घेतली? कुणीच नाही. चुकीचं असलं तर? समोर चाळीस वर्षांचा माणूस बरणी घेऊन बसलाय. आपल्याकडं काय आहे? पुसलेली फरशी. आणि बाई आता म्हणतील, राहू दे कानिफ. त्या प्रेमानंच म्हणतील. पण ते "तुला नाही कळायचं" याच घरातलं वाक्य असेल.

बाई तसं काही म्हणाल्या नाहीत. त्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यापाशी गेल्या. खडूचा कस बघायला तो तिथं टांगलेला होता. आजच्या ट्रेमधला एक खडू कानिफच्या हातात दिला. "लिही. छापखान्याचं नको. तुझ्या हातचं बघू दे."

कानिफनं उजवीकडून एकेक अक्षर म्हणत सुरुवात केली. तोय, बे, अलिफ. मग बोटभर जागा सोडली. शीन, ये, रे. खडू न किंचाळता फिरला.

"मध्ये जागा का सोडलीस? आत्ताच म्हणालास हात धरून चालतात."

"अलिफ मागच्याचा हात धरतो बाई, पुढच्याला देत न्हाई. म्हणून शब्द दोन तुकड्यांत दिसतो. तबा, शीर."

"शीर?" छबूबाई ट्रे खाली ठेवत म्हणाली. "म्हंजे शीरखुर्म्यातलं शीर का? आमच्या शेजारच्या भाभीकडनं येतो ईदीला. ती म्हणती शीर म्हंजी दूध."

बाई फळ्याकडं बघत होत्या त्या गर्रकन वळल्या. एकतीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांत कुणीतरी मागच्या बाकावरून बरोबर उत्तर दिल्यावर जे येतं, ते आलं होतं.

"छबू, पुन्हा म्हण."

"शीर म्हंजी दूध. फारशी का काय हाय म्हनं."

"सूर्यभानशेठ, वंशलोचनाला वैद्य आणखी काय म्हणतात?"

"लई नावं आहेत. वंशरोचना, तुगाक्षीरी, त्वक्क्षीरी..."

बाईंनी कानिफच्या हातातून खडू घेतला आणि त्याच्या अक्षरांखाली मोठ्या वळणदार हातानं लिहिलं: त्वक् – क्षीर. "त्वक् म्हणजे त्वचा. साल. क्षीर म्हणजे दूध. सालीचं दूध! बांबूच्या सालीआड साठलेलं पांढरं. त्वक्क्षीर, तवक्शीर, तबाशीर. अरे, हा तर आपल्याकडून गेलेला शब्द आहे! जुने अरब प्रवासी लिहून गेलेत, ठाण्याच्या बंदरातून तबाशीर येतं म्हणून. आणि छबू, तान्ह्या पोरांना तू खीर करून द्यायचीस ती कशाची?"

"तवकिरीची."

"ती तवकीरही याच शब्दाची लेक. पीठ वेगळ्या कंदाचं, पण पांढरं, म्हणून नाव मिळालं."

छबूबाई आपल्या प्लास्टरनं माखलेल्या हातांकडं बघायला लागली, जणू तिथंही काही लिहिलेलं निघेल.

कानिफ तर नुसता बघत उभा होता. तीन वर्षं तो हा शब्द बोलत होता आणि त्याला वाटत होतं आपण लांबच्या लोकांचं काहीतरी शिकतोय. शब्द आपल्याच बांबूच्या बेटातून निघालेला! आणि हे बाईंनी कशावरून काढलं, तर बोटभर रिकाम्या जागेवरून. ती जागा तो रोज सोडत होता. त्याला कधी दिसली नव्हती.

सूर्यभानशेठनं मात्र टेबलावर थाप मारली. "म्हंजे मीच बरोबर! शब्द बांबूचाच निघाला. खडूचा कुठं आला यात? बाई, तुम्हीच सिद्ध केलंत. पुसा ते."

कानिफनं फळ्याकडं बघितलं. खरंच की. बाईंनी एवढा मोठा उलगडा केला तो नेमका शेठच्या पारड्यात. त्यानं फडकं उचललं.

"थांब," बाई म्हणाल्या. "शेठ, वंशलोचन खरं का खोटं, तुम्ही कसं ओळखता?"

"सोपंय." शेठ एकदम खुलले. "बाजारात नकली लई. खरं असंल तर जिभेला चिकटतं. तुकडा टेकवला की जीभ धरून ठेवतं. डोळ्यानं फसाल, जीभ फसत न्हाई."

"डोळे मिटून सांगाल?"

"डोळे मिटून काय, झोपेत सांगतो."

"मिटा मग."

शेठनं डोळे मिटले, टोपी सरळ केली, जीभ बाहेर काढली. बाईंनी बरणीचं झाकण वाजवलं. पण हात बरणीत घातलाच नाही. ट्रेमधला एक खडू उचलला, तुकडा मोडला आणि शेठच्या जिभेवर टेकवला. छबूबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

खडू जिभेला चिकटला. पक्का. लहानपणी ज्यानं खडू चाटून बघितलाय त्याला माहीत आहे.

शेठनं बोटानं तुकडा ओढून बघितला. सुटेना. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तुकडा काढून दोन बोटांत धरत, डोळे मिटलेलेच, म्हणाले, "अस्सल तबाशीर. एक नंबर माल."

मग त्यांनी चव घेतली. मग डोळे उघडले. मग बोटांतला तुकडा बघितला. एका बाजूनं गोल, दुसऱ्या बाजूनं मोडका.

"थू!"

छबूबाईचा बोळा सुटला आणि ती ट्रेजवळ खाली बसूनच हसायला लागली. कानिफला हसावं का नाही कळेना. बाईंनी शेठला पाण्याचा तांब्या दिला, स्वतः हसल्या नाहीत. तेच बाईंचं मोठेपण. वर्गात चुकलेल्या पोरालाही त्या कधी हसल्या नसतील.

"शेठ, रागावू नका. तुमची जीभ चुकली नाही. तिकडच्या लोकांनीही हेच केलं असणार. आपल्याकडून त्यांच्याकडं काहीतरी पांढरं, ठिसूळ, बोटाला भुकटी लागणारं गेलं. त्याचं नाव ते शिकले. पुढं कधीतरी शाळेत पांढरी, ठिसूळ, बोटाला भुकटी लागणारी कांडी आली. ते म्हणाले, हे तर तबाशीर. शब्द कुठून निघाला ते तुमचं बरोबर. तो आता राहतो कुठं, ते कानिफचं बरोबर. आणि आत्ता या शेडमध्ये खडूला तबाशीर म्हणालं कोण? मी नाही. कानिफ नाही."

शेठ चूळ भरत होते. दाराबाहेर पाणी टाकून आले. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"मी म्हणालो," ते म्हणाले. आणि मग तेही हसायला लागले. आधी पोट, मग खांदे, मग सगळे. "च्यायला, चाळीस वर्षं! घरी सांगू नका बाई. पोरगी जगू देणार न्हाई."

"पण शेठ," कानिफ हळूच म्हणाला, "तुमचा कस्टमचा मुद्दा खरा आहे. एकाच कंटेनरात दोन तबाशीर."

"मग?"

"आपल्या खडूच्या खोक्यावर खाली एक ओळ घालतो. लिल-किताबा. म्हंजे लिहिण्यासाठी. तुमच्या खोक्यावर घालतो, औषधासाठी. कुणी फोडलं तरी घोटाळा न्हाई."

शेठनं बाईंकडं बघितलं. बाईंनी कानिफकडं बघितलं. ज्याचं उत्तर त्यानं द्यायचं, मध्ये पडायचं नाही.

"घाल," शेठ म्हणाले. मग पहिल्यांदाच "ए पोरा" किंवा "ए पंडित" न म्हणता म्हणाले, "कानिफनाथ, तुला हे शिकवलं कुणी?"

"कुणीच न्हाई शेठ. म्हंजे, आहेत एक बाई. इजिप्तमधी. त्यांना माहीत न्हाई."

"त्यांना कळवायला पाहिजे," प्रेमलाबाई म्हणाल्या. "शिकवणाऱ्याला ते ऐकायचं असतं."

छापखान्याच्या कॉम्प्युटरवर भरवसा नव्हता. बाईंनी ठरवलं, कानिफनं हातानं लिहायचं आणि त्याचाच फोटो जसाच्या तसा खोक्यावर छापायचा. काळा पुठ्ठा आणला. कानिफनं आजच्याच घाण्यातला खडू घेतला, टोक फरशीवर घासून तिरकं केलं. साचा उघडताना असते तशी शेड गप्प झाली. छबूबाईसुद्धा. तोय, बे, अलिफ. बोटभर जागा. शीन, ये, रे. खाली लहान अक्षरांत लिल-किताबा.

बाईंनी पुठ्ठा हातात घेतला. वह्या तपासायच्या तसा. वरून खाली बघितला. त्यातलं एकही अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि कानिफलाही. त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं, पुठ्ठा उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूला बरोबरची खूण केली. खाली सही. तारीख.

"तीन वाजायच्या आत पोचवा," म्हणाल्या.

कानिफ पुठ्ठा छातीशी धरून गाडीला किक मारायला गेला. दारात पुन्हा एकदा पाठीमागची खूण बघितली. दहावीच्या कागदावर अशी कधी मिळाली नव्हती.

"ए कानिफनाथ!" आतून शेठचा आवाज आला. "येताना दुसरा एक काळा पुठ्ठा आण. माझ्या तबाशीरच्या खोक्यांचं काय?"